जावई मैदान खात्यात आहेत

माझे सासरे पुलगावला प्राथमिक शाळेचे हेडमास्तर होते. निवृत्त झाल्यावरही अख्खं गाव त्यांना गुरुजीच म्हणत असे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच थाप मारली, आणि ती माझ्याबद्दल मारली.

मी नागपूरला गोल्फ खेळत असे. हौस म्हणून नव्हे, तोच माझा पोटापाण्याचा धंदा होता. साहेबलोकांच्या मैदानावर आधी त्यांच्या काठ्या उचलल्या, मग त्यांना खेळायला शिकवलं, मग लांबलांबच्या स्पर्धांना जाऊ लागलो. इंग्रज गेल्यावर त्याच मैदानावर पगारी उस्ताद म्हणून राहिलो. हे सगळं सासऱ्यांना ठाऊक होतं. पण चावडीपाशी कोणी विचारलं, "गुरुजी, जवाई काय करते?" तर "काठीनं चेंडू मारतात आणि मग त्याच्यामागे चालत जातात" हे त्यांच्या तोंडून निघेना. म्हणून त्यांनी सांगून टाकलं, "मैदान खात्यात आहेत."

असं खातं कुठेच नव्हतं. पण आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. कोणतं खातं बंद झालं, कोणतं नवीन निघालं, हे वर्ध्याच्या कचेरीतल्या बाबूंनाही धड सांगता येत नसे. मुंबईवाल्यांनी मैदानांचं एखादं खातं काढलं असेलही, असं गावाने धरलं आणि सासऱ्यांची थाप सुखाने नांदू लागली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. बायकोने ते गाडीत सांगितलं, तेही वर्धा स्टेशन सुटल्यावर, म्हणजे मला उतरून परत जाता येऊ नये.

"अजी, रागावू नका," ती म्हणाली. "बाबांनी तुमाले साहेब करून ठेवलं आहे."

"कसला साहेब?"

"मैदानाचा."

मी पुलगावला निघालो होतो तो गोल्फ खेळायलाच. गावाबाहेरच्या छावणीत एक पंजाबी कर्नल बदलून आले होते. त्यांना या खेळाचं विलक्षण वेड. मुरमाड माळावर त्यांनी नऊ भोकांचं मैदान आखलं होतं. गवत उगवायला पाणी नाही, म्हणून भोकांभोवती तेलात कालवलेली वाळू थापली होती. अशा जागेला आम्ही 'ब्राऊन' म्हणतो. त्या मैदानावर कर्नलनी आठवडाभराची स्पर्धा ठेवली. कामठीचे अधिकारी येणार होते, रेल्वेचे दोन साहेब, गिरणीचे मॅनेजर, आणि आम्ही धंदेवाईक खेळाडू दोघेच: मी आणि कलकत्त्याहून आलेला एक बंगाली.

स्पर्धेला जोड होती मदतनिधीची. गावात एक डॉक्टरबाई होत्या, ठेंगण्या, झपाझप चालणाऱ्या, समोरच्याला नाही म्हणायला सवड न देणाऱ्या. गावातल्या अडलेल्या बाईला बैलबंडीत घालून वर्ध्याला न्यावं लागे. म्हणून त्यांना गावातच बाळंतपणाचा दवाखाना काढायचा होता. त्यांनी कर्नलना गाठून कबूल करून घेतलं होतं की या आठवड्यात दवाखान्यासाठी वर्गणी जमवायची आणि शनिवारी मोठा मेळावा घ्यायचा. त्यात मी लोकांना खेळून दाखवायचं, हेही त्यांनीच ठरवलं होतं. मला फक्त कळवलं.

गाडी पुलगावला थांबली तेव्हा फलाटावर सासरे काळी टोपी घालून हार घेऊन उभे होते. मागे दहा-वीस माणसं. मी काठ्यांची लांब चामडी पिशवी खाली उतरवली.

"हे काय होय?" एकाने विचारलं.

माझ्याआधी सासरेच बोलले, "मोजणीचं सामान."

सगळ्यांनी पिशवीला वाट करून दिली.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमू लागली. कोणाच्या गोठणावर कोणी कुंपण घातलं होतं, कोणाच्या अंगणात शेजाऱ्याची भिंत सरकली होती. सासऱ्यांनी मला आत ओढून समजावलं, "तुम्ही काही खोटं बोलू नका. फक्त 'पाहतो' म्हणा. सरकारी माणूस तेवढंच म्हणतो." मी प्रत्येकाला पाहतो म्हणालो. शेवटी तालमीचा पैलवान आला. दारातून तिरपा होऊन आत शिरला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"साहेब, बैलबाजारवाले आमच्या आखाड्यात बैल बांधते. मी पोट्ट्याले लंगोट लावून उतरवतो, तं खाली शेन. कुस्ती कशी करावी?"

"पाहतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो, तर पैलवान धावत आला आणि त्याने माझे पायच धरले. मैदान खात्याचे साहेब 'पाहून राह्यले' ही बातमी रातोरात बाजारात पोचली होती आणि बैल उजाडायच्या आत हलले होते. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. सासरे खिडकीतून बाहेर बघत होते, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

स्पर्धा सुरू झाली तशी गावातली माणसं छावणीच्या माळावर येऊ लागली. कर्नल खूश. त्यांना वाटलं, या मुलखात गोल्फचे इतके चाहते! माणसं खरं तर मोजणी बघायला आली होती. भोकाभोकात रोवलेली झेंड्याची काठी बघून त्यांची खात्रीच पटली. मी चेंडू मारला की सासरे हलक्या आवाजात समजावत, "आता साहेब अंतर काढून राह्यले." मी ब्राऊनवर वाकून, एक डोळा मिटून भोकाचा अंदाज घेऊ लागलो की सगळे श्वास रोखत. चेंडू भोकात गेला की मागून कोणीतरी विचारी, "किती भरलं?"

बंगाली खेळाडूने माझ्याकडून त्याचा अर्थ समजून घेतला आणि हिंदीत म्हणाला, "तुमच्या गावचे लोक फार सभ्य आहेत. टाळ्या वाजवत नाहीत, हिशेब विचारतात."

हा तमाशा आठवडाभर चालला असता. पण बुधवारी माझा चेंडू कापसात गेला.

सातव्या भोकाच्या कडेला एका शेतकऱ्याचं वावर होतं. मध्ये कुंपण नव्हतं, नुसता धुरा, म्हणजे मातीचा बांध. पराटी कमरेएवढी वाढलेली, बोंडं फुटून सगळं वावर पांढरंफेक, आणि बायांची वेचणी चाललेली. माझा फटका वाऱ्याने वळला आणि पांढरा चेंडू त्या पांढऱ्या वावरात जाऊन पडला. मी, बंगाली, कर्नल आणि मागची सगळी गर्दी धुऱ्यापर्यंत गेलो. वावराचा मालक तिथे तुरीच्या काठीचा खुंट घेऊन उभा होता. उंच, कानात बाळी, आणि डोळे भरून आलेले.

"साहेब," तो माझ्यापुढे आडवा झाला, "मायं वावर काऊन घेऊन राह्यले?"

"कोण घेतंय?"

"तुमचा निशान पडला ना अंदर! परवापासून पाहून राह्यलो मी. जिथं तुमी गोटी फेकता तिथं मांगून झेंडा लागते. माया बापानं घाम गाळून कमावलं हे वावर. मी नाई देत."

मी हात जोडले. "दादा, मला तुमचं वावर नको. चेंडू आत पडलाय, तेवढा घेऊ द्या. हा खेळ आहे."

"खेळ?" त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खेळ पोट्टे खेळते. तुमी मिशावाले मानूस."

आता मला मागे वळून सासऱ्यांकडे पाहावंच लागलं. ते गर्दीच्या पुढे उभे होते. टोपी नीट करत होते, जी मुळात वाकडी नव्हती. मी त्यांच्यासाठी गप्प राहिलो असतो, पण त्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी बघवेना.

"मी कोणत्याच खात्यात नाही," मी मोठ्याने म्हणालो. "मी चेंडू मारतो. त्याचाच मला पगार मिळतो. हा चेंडू कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा असतो. ज्याचे फटके कमी, तो जिंकला."

शेतकरी विचारात पडला. मग म्हणाला, "मंग जो घरीच बसला, थो पयला आला."

आधी पराटीतल्या बाया हसल्या, मग गर्दी, मग खुद्द शेतकरी. वावर वाचल्याच्या आनंदाने तो असा हसत सुटला की त्याला धुऱ्यावर बसावं लागलं. पंजाबी कर्नलना कोणीतरी हिंदीत अर्थ सांगितला, तेही मिशा धरून हसले. फक्त सासरे हसले नाहीत. ते वळले आणि एकटेच गावाच्या वाटेला लागले.

पण चेंडू सापडायचाच होता. आम्ही सगळे पराटीत शिरलो. बोंड दिसलं की चेंडू वाटे, आणि चेंडू कुठेच दिसेना. शेवटी एक म्हातारी वेचणारीण कमरेची ओटी चाचपत म्हणाली, "एक बोंड लय जड लागून राह्यलं बाप्पा." तिने कापसाबरोबर चेंडूही वेचला होता.

आता कर्नल गंभीर झाले. नियमांच्या बाबतीत ते बापालाही सोडणारे नव्हते. "बॉल जहाँ है, वहीं से मारना पडेगा," ते म्हणाले.

"साहेब, बॉल या बाईंच्या ओटीत आहे," मी म्हणालो.

म्हातारी दोन पावलं मागे सरली. "मले काठी मारसीन तं पाहा!" तिने मला ठणकावलं, आणि शेजारच्या बायांनी तिच्याभोवती कडं केलं. बंगाली माझा प्रतिस्पर्धी, पण त्याने माझी बाजू घेतली आणि कर्नलशी इंग्रजीत बराच वाद घातला. शेवटी कर्नलनी निकाल दिला: बाईंनी चेंडू जिथे वेचला त्या जागी ठेवावा. म्हातारीने एका झाडाखाली तो ठेवला, वर ताकीद दिली की बोंडं झाडायची नाहीत, आणि मी तिथून कसाबसा बाहेर मारला. त्या भोकावर माझे इतके फटके गेले, की शेतकऱ्याच्या हिशेबाने मी घरी बसलो असतो तर बरं.

संध्याकाळी घरी आलो तर सासरे भिंतीकडे तोंड करून झोपले होते. अंगात ताप आहे म्हणाले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "काई ताप नाई. लाज आली आहे त्याईले."

गुरुवारी ते उठले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. गावात तर दुसरा विषयच नव्हता. मुलं भर रस्त्यात काठीने शेणाच्या गोवऱ्या टोलवत होती आणि "मैदान खातं, मैदान खातं" ओरडत होती. मला सासऱ्यांचा राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मलाच चोरट्यासारखं वाटत होतं. माणसाने आपली मुलगी दिली, आणि चारचौघांत सांगता येईल असा धंदाही मी त्यांना दिला नव्हता.

पैलवान मात्र आला. मी त्याला म्हणालो, "मी साहेब नाही बरं."

"हाव, आयकलं," तो म्हणाला. "पन बैल तं गेले ना."

शुक्रवारी दुपारी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी सरळ सासऱ्यांच्या खाटेपाशी जाऊन नाडी धरली. "गुरुजी, नाडी उत्तम आहे. उद्याच्या मेळाव्यात नाव पुकारायला मला मोठ्या आवाजाचा माणूस हवा. छावणीच्या भोंग्याची बॅटरी गेली आहे."

"मी नाही येत," सासरे भिंतीला म्हणाले.

"तुमच्यामुळे सगळं गाव येणार आहे. आधी माझ्या दवाखान्याला कोणी विचारत नव्हतं. आता प्रत्येकाला जावयाचा खेळ बघायचा आहे. तुम्ही खातं काढलं नसतं तर मी कुठून आणली असती एवढी माणसं?"

सासऱ्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. मग माझी बायको पुढे झाली. "बाबा, तुमी शाळेत पोरांना काय सांगत होते? चुकलं तर फळ्यावर जाऊन स्वतःच्या हातानं पुसाचं. जा मंग."

शनिवारी माळावर जत्रा भरली. भज्यांच्या कढया लागल्या, केळझरचा एक जण ऊस घेऊन आला, पुढे सतरंज्या टाकल्या होत्या. डॉक्टरबाईंची योजना साधी होती. दवाखान्याला काहीतरी द्या आणि एकदा चेंडू मारून बघा. रोख नसेल तर जे असेल ते द्या. सासरे वेळेवर आले. टेबलावर चढले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या जुन्या आवाजात म्हणाले,

"मैदान खातं मी काढलं होतं. आज ते मी बंद करतो. माझे जावई गोल्फ खेळतात. मला त्या खेळातलं काही कळत नाही. पण बुधवारी एका शेतकऱ्याला भीती वाटली, तेव्हा ते खरं बोलले, एवढं मला कळलं. आता रांग लावा!"

रांग लागली. मी दोन-चार फटके मारून दाखवले, मग पहिला मान पैलवानाचा. त्याने मुठीत काठी अशी धरली की ती लेखणीसारखी दिसू लागली. दंड थोपटले, काठी फिरवली, स्वतःभोवती पूर्ण गरका घेतला आणि बसकण मारली. चेंडू होता तिथेच. "दुसरी काठी देजो," तो म्हणाला. पहिली मधोमध वाकली होती. गिरणीच्या मॅनेजरांचा चेंडू थेट भज्यांच्या कढईत गेला. भजेवाल्याने तो झाऱ्याने काढला, तेल निथळवलं आणि पानावर ठेवून मॅनेजरांना आणून दिला. एका शिंप्याने चेंडूऐवजी मातीचं ढेकूळ उडवलं आणि ते कर्नलच्या चहात पडलं. कर्नलनी सलाम ठोकला आणि दुसरा चहा मागवला.

देणग्या तर काय वाटेल त्या आल्या. कापूस, तुरीची डाळ, गुळाची भेली, तांब्याचा एक हंडा, आणि एक बकरी. बकरीचा लिलाव सासऱ्यांनी पुकारला. ते बोली बोलणाऱ्यांचे उच्चार सुधारत होते, त्यामुळे लिलाव फार वेळ चालला. कापसाच्या वावराचा मालक दोन बैलबंड्या भरून कापूस घेऊन आला होता. "वावर वाचलं त्याचा," तो म्हणाला. त्याने स्वतः चेंडू मात्र मारला नाही. "मी नाई मारत. न मारताच जिंकतो."

त्या दिवसाच्या जमेवर पुढच्या पावसाळ्याआधी गावात दोन खोल्यांचा बाळंतपणाचा दवाखाना उभा राहिला. डॉक्टरबाईंनी पहिल्या महिन्यातच दोन्ही खोल्या भरल्या आणि तिसरीसाठी पुन्हा वर्गणी सुरू केली.

रविवारी स्पर्धेचा शेवट होता. कापसाशेजारच्या त्या भोकाने मी मागे पडलो होतो, पण नंतर चांगला खेळलो. शेवटच्या भोकावर आलो तेव्हा बंगाल्याची आणि माझी बरोबरी होती. त्याने आपला चेंडू भोकात घातला. माझा चेंडू त्याच ब्राऊनवर, भोकापासून फार लांब नाही. तो एका फटक्यात गेला तर बरोबरी राहून पुन्हा खेळायचं, नाही गेला तर मी हरलो.

सगळं गाव भोकाभोवती उभं होतं. आता सगळ्यांना खेळ कळत होता, तोच घोटाळा झाला. मी चेंडू हळूच ढकलला. तो भोकाच्या कडेने पलीकडे निघाला. तेवढ्यात वावराच्या मालकाने शांतपणे पाय पुढे केला, वहाणेने चेंडू अडवला आणि अंगठ्याने आत लोटला.

माळावर जी आरोळी उठली ती गिरणीपर्यंत गेली असेल. पैलवानाने मला खांद्यावर उचललं. कर्नल ओरडत होते, "रुको! रुको!" पण तिकडे कोण बघतो.

मोठ्या मुश्किलीने मी खाली उतरलो आणि शेतकऱ्याला म्हणालो, "दादा, असं चालत नाही."

"काऊन? आत तं गेला."

"तुम्ही घातला."

"मंग? तुमचा मानूसच आहो ना मी."

कर्नलनी दोन्ही हात वर करून निकाल दिला की फटका पुन्हा मारायचा. मी पुन्हा मारला. या वेळी कोणी पाय घातला नाही, आणि चेंडू भोकाला चाटून बाहेर राहिला. बंगाली जिंकला. कर्नलनी त्याला चषक दिला, मला दुसऱ्या नंबरचं एक घोंगडं दिलं.

गावाने हा निकाल मानलाच नाही. पैलवानाने डफडं आणवलं आणि मिरवणूक निघाली. पुढे मी, अंगावर घोंगडं, गळ्यात हार, बाजूला सासरे, छाती पुढे काढून. भेटेल त्याला सांगत होते, "आमचे जावई. गोल्फ खेळतात. गोल्फ! ग ला काना-मात्रा." चषक हातात घेतलेला बंगाली मिरवणुकीच्या शेवटी बकरीच्या नव्या मालकाबरोबर चालत होता. त्याला काही कळेना.

ते सासऱ्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी थांबून त्याचा हात धरला आणि त्याला घरी जेवायला आणलं.

सासूबाईंनी पाटवडीचा रस्सा केला होता, वर तर्रीचा लाल थर. बंगाल्याने मोठा घास घेतला. त्याचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि त्याला बोलता येईना. मराठी त्याला येत नव्हती, हिंदी सासूबाईंना येत नव्हती. त्या हातातलं वाढणं ठेवून त्याच्याजवळ बसल्या आणि पदराने त्याचे डोळे पुसू लागल्या.

"रडू नको बाप्पा," त्या म्हणाल्या. "तूबी चांगलाच खेळला. हारजीत होतच राह्यते."

आणि त्याची वाटी पुन्हा काठोकाठ भरली.